समुद्रतळाच्या खाणकामाचे परिणाम मोजायचे कसे?

- प्रतिनिधी, बुलडाणा

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा काठावरच्या प्रत्येकाला तो बदल दिसला. पाण्याचे नमुने तपासणीसाठी गेले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. सरोवराचा नेहमीचा हिरवट रंग सर्वांना ठाऊक असल्यामुळेच बदल लक्षात आला. मात्र जिथे सूर्यप्रकाशही पोहोचत नाही अशा पाच किलोमीटर खोल समुद्रतळावर उद्या खाणकाम सुरू झाले, तर तिथे काय बदलले हे कसे कळणार?

हा प्रश्न भारतासाठी केवळ तात्त्विक नाही. मध्य हिंदी महासागरातील ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात खनिजांचा शोध घेण्याचा करार भारताने २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी केला. त्याला २०१७ आणि २०२२ मध्ये मुदतवाढ मिळाली. तेथील तळावर 'पॉलिमेटॅलिक नोड्यूल' नावाने ओळखले जाणारे, बटाट्याएवढे काळपट गोळे विखुरलेले आहेत. मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे धातू त्यांत असतात. दहा लाख वर्षांत त्यांची वाढ होते ती अवघी काही मिलिमीटर. एकदा उचललेला गोळा मानवी काळाच्या हिशेबात परत येणारा नाही.

गोव्यातील संस्थेचा प्रयोग

खाणयंत्र तळावरून फिरले की दोन गोष्टी घडतात. गोळ्यांसह वरचा मऊ थर खरवडला जातो आणि उडालेला गाळ प्रवाहाबरोबर दूरवर जाऊन बसतो. हजार वर्षांत काही मिलिमीटर गाळ साचतो अशा या भागात तेथील सूक्ष्म प्राण्यांवर अचानक गाळाचा थर पडतो. त्याचा परिणाम तपासण्यासाठी दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ मध्ये 'इंडेक्स' हा प्रयोग केला.

जहाजामागे ओढलेल्या यंत्राने तळाचा गाळ सैल करून तो पंपाने तळापासून काही मीटर उंचीवर सोडला. तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यात अशा २६ फेऱ्या झाल्या. सुमारे सहा हजार घनमीटर गाळ ढवळला गेला. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर नमुने घेण्यात आले, तसेच पुढे काही वर्षे त्याच जागी मोहिमा नेण्यात आल्या.

मोजमापाची साधने

यासाठी वापरली जाणारी साधने समजायला अवघड नाहीत. 'बॉक्स कोअर' ही पोलादी पेटी चिखलात रुतून तळाचा चौकोनी ठोकळा जसाच्या तसा वर आणते. त्यातील थर वेगळे करून प्राण्यांची मोजदाद होते. 'सेडिमेंट ट्रॅप' या नरसाळ्यासारख्या सापळ्यांत वरून पडणारा गाळ साठतो. दोरखंडाला बांधलेले प्रवाहमापक पाण्याची दिशा आणि वेग नोंदवतात. पाण्याचा गढूळपणा प्रकाशकिरणाच्या साह्याने मोजला जातो, तर तळाची छायाचित्रे खोल पाण्यातील कॅमेरे घेतात. पाण्यात आणि गाळात उरलेल्या डीएनएच्या अंशांवरून तेथे कोणते जीव राहतात हे ओळखण्याची पद्धतही अलीकडे वापरात आली आहे.

तथापि खरी मेख साधनांत नसून तुलनेत आहे. खाणकामाच्या क्षेत्राबरोबरच मुद्दाम न छेडलेले दुसरे क्षेत्र राखून दोन्हींच्या नोंदी आधीपासून ठेवाव्या लागतात. याचे कारण असे, की खोल समुद्रातील प्राण्यांची संख्या वरून येणाऱ्या अन्नावर अवलंबून असते आणि कोणी हात न लावताही ती वर्षागणिक कमीजास्त होते. 'इंडेक्स'नंतरच्या पाहणीत जीवसृष्टी सावरू लागल्याची चिन्हे दिसली. परंतु या नैसर्गिक चढउतारामुळे बदलाचे नेमके श्रेय कशाला द्यायचे, हा पेचही समोर आला.

काळाची कसोटी

दुसरी अडचण काळाची. जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये पेरूजवळील समुद्रतळ नांगरासारख्या अवजाराने ढवळला होता. २०१५ मध्ये ते तास जवळपास तसेच आढळले. प्रशांत महासागरात १९७९ मध्ये झालेल्या यांत्रिक चाचणीच्या जागेची ४४ वर्षांनी पाहणी झाली. काही लहान, हालचाल करणारे जीव परतले होते, मात्र यंत्राच्या खुणा कायम होत्या. या संशोधनाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-चार वर्षांच्या निरीक्षणावरून 'परिणाम नगण्य' असा निर्वाळा देणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसते.

तिसरी अडचण आकारमानाची. 'इंडेक्स'मध्ये गाळ ढवळला गेला, पण गोळे उचलले गेले नव्हते. व्यापारी खाणकामात यंत्रे वर्षानुवर्षे चालतील आणि त्यांचे क्षेत्र कितीतरी पटींनी मोठे असेल. गोळ्यांच्या कठीण पृष्ठभागावर चिकटून राहणाऱ्या जीवांचे तर घरच नाहीसे होईल.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये 'वराह' हे यंत्र सुमारे ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले. त्याच वर्षी केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल सागर मोहिमेला मंजुरी दिली. म्हणजे तंत्रज्ञान पुढे सरकत आहे. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय क्षेत्रातील खाणकामाची नियमावली २०२५ मधील बैठकांतही मंजूर झाली नाही.

हा विलंब म्हणजे अडथळा असे काहींना वाटते. प्रत्यक्षात ती संधीही आहे. कोणत्या गोष्टी मोजायच्या, किती वर्षे मोजायच्या, किती हानी झाली की यंत्र थांबवायचे आणि हे ठरवणारे लोक खाणचालकापासून स्वतंत्र असतील का, हे प्रश्न पहिला गोळा वर येण्यापूर्वीच सुटायला हवेत. लोणारच्या काठावरून बदल नजरेस पडतो. समुद्रतळाबाबत मात्र आधी घेतलेली नोंद हाच एकमेव साक्षीदार असेल, आणि ती नोंद नंतर तयार करता येत नाही.