डबा आहे, कार्ड आहे, गेम कुठाय?

निन्टेंडोचा गेम कन्सोल स्विच २ आला ५ जून २०२५ ला आणि सोबत एक नवीन भानगड आली: गेम-की कार्ड. दिसायला नेहमीचंच कार्ड, पण आत गेम नसतोच, असते फक्त किल्ली. कार्ड घाला, नेट जोडा, अख्खा गेम डाउनलोड करा. आणि एवढं करूनही खेळताना दर वेळी कार्ड आत लागतंच! म्हणजे डाउनलोडची वाट बघा आणि कार्डही सांभाळा. एक मात्र खरं, ते मित्राला देता येतं, विकताही येतं. डिजिटल गेम तुमच्या अकाउंटला चिकटलेला.

'स्ट्रीट फायटर ६' असाच आलाय. 'सायबरपंक २०७७' मात्र ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण मिळतो. मानलं बुवा!

डाउनलोडवर जायचं तर कन्सोलमधली जागा २५६ जीबी, आणि वाढवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं. जुनी मायक्रोएसडी कार्डं गेमसाठी चालत नाहीत.

किंमत? जपानमध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड' डिजिटल ८,९८० येन, डब्यातला ९,९८०. अमेरिकेत दोन्ही ८० डॉलरच्या घरात. तिथे मी डोळे झाकून डबाच घेईन. घेण्याआधी डब्यावरची खालची पट्टी तेवढी वाचा, 'गेम-की कार्ड' असेल तर तिथेच छापलेलं असतं.