रात्रभर चालणाऱ्या जॉबचं ‘तिकीट’ मध्येच संपलं तर?

समजा, तुमसरची एक विद्यार्थिनी आहे. घरच्या लॅपटॉपवरून ती पुण्याच्या विद्यापीठातल्या सर्व्हरवर लॉगिन करते, तीन दिवस चालणारं गणित रांगेत लावते आणि लॅपटॉप बंद करते. अशा कामाला ‘बॅच जॉब’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी उत्तर तयार होतं, पण फाइल सेव्ह करतानाच मेसेज येतो: ‘परमिशन डिनाइड’. सगळी मेहनत पाण्यात! असं का होतं?

कारण फाइल त्या मशीनवर नसते. ती नेटवर्कवरच्या दुसऱ्या सर्व्हरवर असते आणि तो सर्व्हर ‘तू कोण?’ असं विचारतो. अनेक ठिकाणी ही ओळख ‘केर्बेरॉस’ पटवतं. अमेरिकेच्या एमआयटीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून ही पद्धत आली. एकदा पासवर्ड टाकला की तिकीट मिळतं, पण ते साधारण १० ते २४ तासच चालतं. कारखान्याच्या गेटपाससारखंच: पाळी संपली, पास संपला. मुदत मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे तिकीट चोरीला गेलं तरी नुकसान मर्यादित राहतं. आणि हो, जॉब रांगेत ताटकळत असतानाही घड्याळ चालूच असतं.

बऱ्याच छोट्या लॅबमध्ये ही अडचण येतच नाही. तिथे साधं एनएफएस असतं. मशीनने सांगितलेला युजर नंबर सर्व्हर निमूटपणे मान्य करतो. सोयीचं आहे, पण त्या मशीनचा ताबा कुणी मिळवला तर तो कुणाच्याही नावाने आत शिरू शकतो.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये सर्नच्या ‘सीएमएस’ प्रयोगाचा डेटा हाताळणारं केंद्र आहे. अशा जागतिक ग्रिडवर वर्षानुवर्षे एक तोड वापरली गेली. मूळ प्रमाणपत्र स्वतःकडेच ठेवायचं आणि जॉबसोबत त्याचा अल्पायुषी ‘प्रॉक्सी’ पाठवायचा, सहसा १२ तासांचा. काम लांबलं तर ‘मायप्रॉक्सी’ नावाच्या सेवेकडून नवा घ्यायचा.

केर्बेरॉसमध्येही तिकिटाचं नूतनीकरण होतं, पण त्यालाही कमाल मर्यादा असते, बहुतेकदा ७ दिवस. ‘क्रिन्यू’ हा छोटा प्रोग्राम हे काम जॉबसोबत आपोआप करत राहतो. त्याहून लांब कामासाठी ‘कीटॅब’ असते. या फाइलमधली किल्ली वापरून पासवर्ड न टाकता नवं तिकीट मिळतं. पण ही फाइल म्हणजे जवळजवळ पासवर्डच! ती शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका, फक्त स्वतःला वाचता येईल अशी ठेवा. शक्य असेल तर ॲडमिनकडून जॉबसाठी वेगळं खातं मागा, ज्याला एकाच फोल्डरमध्ये लिहिता येतं.

स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवणं किंवा फोल्डर सगळ्यांना खुलं करणं हे मात्र सरळ घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं आहे. तरीही लोक ते करतात, कारण डेडलाइन डोक्यावर असते.

एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पासवर्ड बदलला की जुनी कीटॅब निकामी होते. हातातलं तिकीट मुदत संपेपर्यंत चालतं, म्हणून जॉब लगेच बंद पडत नाही, काही तासांनी पडतो. म्हणून पासवर्ड बदलायचाच असेल तर आधी बदला, नवी कीटॅब बनवा आणि मगच जॉब लावा.