उजेडाने सुटणारी गाठ

हिवाळ्याच्या रात्री काही घरांत कोळशाची सिगडी पेटवतात. हिंदीत तिला अंगीठी म्हणतात. थंडी आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून मंडळी झोपी जातात. सकाळी शेजारी दार वाजवतात, पण कोणी उठत नाही. अशी बातमी तुम्हीही वर्तमानपत्रात वाचली असेल. घरात आग लागलेली नसते, धूरही कोंडलेला नसतो. मग ही माणसे गेली कशाने?

कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासाबरोबर तो रक्तात शिरतो आणि तिथे दुसऱ्याची जागा बळकावतो.

आपल्या रक्तात हीमोग्लोबिन असते. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात. लोहाच्या प्रत्येक अणूभोवती सहा जागा असतात. चार जागी नायट्रोजनचे अणू बसलेले असतात, पाचव्या जागी प्रथिनाची साखळी जोडलेली असते. सहावी जागा ऑक्सिजनची. धातूला असे बिलगून बसणाऱ्या अणूला किंवा रेणूला रसायनशास्त्रात 'लिगंड' म्हणतात. ऑक्सिजन हा एस. टी.तल्या प्रवाशासारखा असतो. तो फुप्फुसात चढतो आणि गरज असेल तिथे उतरतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याच्या 200 पटींहून अधिक घट्टपणे लोहाला चिकटतो. रक्त लालभडक दिसते, पण शरीर ऑक्सिजनवाचून तडफडते.

1896 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन कोळशाच्या खाणींतील स्फोटांचा अभ्यास करीत होते. स्फोटाच्या तडाख्यापेक्षा नंतर पसरलेल्या या वायूनेच जास्त कामगार मेले, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी त्यांनी आणि लॉरेन स्मिथ यांनी आणखी एक नवल नोंदवले. हवा आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड यांच्या सहवासात ठेवलेले रक्त प्रखर उजेडात आणले, तर कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि ऑक्सिजन त्याच्या जागी बसतो. अंधार केला की पुन्हा पहिल्यासारखे!

असे का होते? प्रकाश ही ऊर्जा आहे. हीमोग्लोबिनने प्रकाश शोषला की लोह आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यातील बंध तुटतो. जागा रिकामी होताच शेजारचा ऑक्सिजन ती पटकावतो. मात्र जो प्रकाश शोषला जात नाही, तो कितीही प्रखर असला तरी काही करू शकत नाही.

नेमकी हीच गोष्ट सुमारे 30 वर्षांनी जर्मनीत ओटो वारबुर्ग यांच्या उपयोगी पडली. त्यांनी यीस्टच्या पेशींना कार्बन मोनॉक्साइड दिला, तेव्हा त्यांचे श्वसन मंदावले. दिवा लावताच ते पुन्हा वाढले. मग वारबुर्ग यांनी वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून पाहिला. ज्या रंगाने श्वसन जास्त सुधारते, तोच रंग पेशीतील श्वसनाचे विकर जास्त शोषते, हे उघड होते. त्या रंगांवरून हे विकरही हीमोग्लोबिनच्या लोहयुक्त भागासारखेच असल्याचे त्यांनी ओळखले. विकर पेशीतून वेगळे काढले नाही, बाटलीत भरले नाही, तरी त्याची ओळख पटली! मला तर या शोधातला हाच भाग सर्वांत आवडतो. 1931 साली वारबुर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रुग्णालयात कधी सलाईनची बाटली काळ्या कागदात गुंडाळलेली दिसते. रक्तदाब झपाट्याने उतरवणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध असे झाकून ठेवतात. त्यातही मध्यभागी लोहच असते आणि उजेडाने त्याचा एक लिगंड सुटून औषध बिघडते.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "मग सिगडीच्या वायूने बेशुद्ध झालेल्या माणसावर दिवा धरला तर?" प्रश्न चांगला आहे, पण काचेच्या नळीतले रक्त वेगळे आणि अंगातले वेगळे. कातडीखाली खोलवर वाहणाऱ्या रक्तापर्यंत पुरेसा उजेड पोचत नाही. त्या माणसाला लगेच उघड्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला सुमारे 4 ते 5 तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तेच काम साधारण तास-दीड तासात होते.