आयुष्याच्या अखेरीचे उपचार : कायदा, राजकारण आणि वृद्धांची शुश्रूषा

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. आयुर्मान वाढत असल्याने हे प्रमाण वाढतच जाणार आहे. वृद्ध व्यक्तीच्या अखेरच्या आजारपणात उपचार कोठे थांबवावेत, तो निर्णय कोणी घ्यावा आणि खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न आता केवळ वैद्यकीय राहिलेले नाहीत. त्यांभोवती भारतात कोणते युक्तिवाद उभे राहिले आणि त्यांत कोणती बाजू दुर्लक्षित राहिली, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञांमधील भेद

या चर्चेत ‘इच्छामरण’ हा एकच शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे संभ्रम निर्माण होतो. औषध देऊन मृत्यू घडवून आणणे म्हणजे सक्रिय दयामरण. ते भारतात बेकायदेशीर आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम श्वसनयंत्रासारखे जीवरक्षक उपचार काढून घेणे किंवा सुरूच न करणे म्हणजे निष्क्रिय दयामरण. त्याला काही अटींवर मान्यता आहे. तशी वेळ आल्यास कोणते उपचार नकोत, हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवणे म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, अर्थात ‘लिव्हिंग विल’. आचार्य विनोबा भावे यांनी १९८२ मध्ये पवनार येथे अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला, त्याचे अधिष्ठान आध्यात्मिक होते. अतिदक्षता विभागातील बेशुद्ध वृद्धाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तेथे निर्णय इतरांना घ्यावा लागतो.

वादाची वाटचाल

या विषयाची संघटित चर्चा महाराष्ट्रात लवकर सुरू झाली. मिनू मसानी यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन झाली. १९८५ मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्र विधान परिषदेत या विषयावर खासगी विधेयक मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. पुढे विधी आयोगाने २००६ व २०१२ मध्ये अहवाल दिले आणि २०१६ मध्ये केंद्र शासनाने विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. तरीही संसदेने स्वतंत्र कायदा केला नाही. परिणामी धोरण ठरविण्याचे काम न्यायालयाकडे गेले.

१९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात, जगण्याच्या अधिकारात मरण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यासंबंधीच्या ७ मार्च २०११ च्या निकालात मात्र निष्क्रिय दयामरणास उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाव देण्यात आला. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या २००५ मधील याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्रास वैधता दिली. परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरील साक्षांकन आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नेमले जाणारे दुसरे वैद्यकीय मंडळ यांमुळे ही प्रक्रिया जवळजवळ अव्यवहार्य ठरली. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरील साक्षांकन पुरेसे ठरले आणि रुग्णालय स्तरावरील दोन मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे ठरले.

दोन भूमिका

समर्थकांचा युक्तिवाद स्वायत्ततेचा आहे. ज्या व्यक्तीला आयुष्यभर स्वतःचे निर्णय घेता आले, तिच्या अखेरच्या दिवसांचा निर्णय यंत्रांवर सोपवू नये, असे ते म्हणतात. विरोधकांचा युक्तिवाद संरक्षणाचा आहे. वैद्यकीय इच्छापत्राचा गैरवापर होऊन वृद्धांची हेळसांड होईल, अशी भीती केंद्र शासनानेही सुनावणीत व्यक्त केली होती. ही भीती निराधार म्हणता येत नाही. पालकांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ मध्ये करावा लागला, यातच कौटुंबिक वास्तव दिसते. घर व जमीन वृद्धाच्या नावावर आणि औषधाचा खर्च मुलांच्या खिशातून, अशा स्थितीत ‘मला उपचार नकोत’ हे वाक्य खरोखर कोणाचे, हे ओळखणे कठीण असते.

दुर्लक्षित बाजू : शुश्रूषा

दोन्ही भूमिका एक गोष्ट गृहीत धरतात : रुग्णापुढे खरा पर्याय उपलब्ध आहे. वस्तुस्थिती तशी नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबे थेट स्वतःच्या खिशातून उचलतात. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. घरी येऊन वेदनाशमन करणारी परिचारिका त्या चौकटीत सहसा बसत नाही. म्हणजे अतिदक्षता विभागासाठी पैसा मिळू शकतो, घरच्या अंथरुणासाठी मिळत नाही. अशा वेळी निवड रुग्ण करीत नाही, ती खर्चाची रचना करते.

वेदनाशमनाचीही हीच कथा. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील जाचक तरतुदींमुळे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुलभ झाले. केरळने मात्र २००८ मध्येच पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारून ही सेवा स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडली. २०११ मध्ये वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक, १२.६ टक्के, असलेल्या राज्याने हा मार्ग निवडावा, हे सूचक आहे.

निष्कर्ष

अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात दयामरणाची विनंती फेटाळली गेली, कारण त्यांना जगवू इच्छिणाऱ्या परिचारिका आणि रुग्णालय त्यांच्या पाठीशी होते. १९७३ पासून १८ मे २०१५ रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत ही सेवा अखंड चालली. त्या निकालाची चर्चा मृत्यूच्या परवानगीपुरती झाली. त्यामागील शुश्रूषेचा विचार मागे पडला. उपचार नाकारण्याचा अधिकार आवश्यक आहे. मात्र वेदनामुक्त शुश्रूषेची हमी नसेल, तर गरीब वृद्धाचा नकार ही निवड नसून नाइलाज ठरतो. वैद्यकीय इच्छापत्राचा कायदा आणि घरपोच शुश्रूषेची तरतूद यांचा विधिमंडळांनी एकत्रित विचार केला, तरच स्वायत्तता आणि संरक्षण या भूमिकांतील विरोध बऱ्याच अंशी मावळू शकेल.