मेंदू कमी ‘उजळला’ म्हणजे गणित बिघडलं का?

ओझरला घरी आले की माझा विषय ऐकून पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “अबॅकसच्या क्लासने पोरांचा मेंदू जास्त चालतो ना गं?” एमएस्सीला असताना मी बिनधास्त ‘हो’ म्हटलं असतं. एफएमआरआयच्या चित्रात रंग जास्त म्हणजे हुशारी जास्त, अशीच माझी समजूत होती.

पण एफएमआरआय विचार मोजत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नल बदलतो. आपण मोजतो तो हा बदल. आता ७ + ५ घ्या. नवशिकं मूल बोटं मोजतं, आकडा लक्षात ठेवतं, चुकलं का ते बघतं. सरावलेलं मूल उत्तर थेट आठवतं. जुनी मंडळी पावकी-निमकी पाठ करायची ती याचसाठी. कष्ट कमी झाले की सिग्नलही कमी होऊ शकतो.

स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांच्या गटाने २०१५ मध्ये नेमकं हेच दाखवलं. गणितात अडचण असलेल्या तिसरीच्या मुलांच्या मेंदूत गणितं सोडवताना बऱ्याच भागांत जादा हालचाल दिसत होती. आठ आठवडे एकेकट्याला शिकवल्यावर ती कमी झाली आणि गणित सुधारलं. मात्र प्रत्येक गटात मुलं होती फक्त १५. एवढ्या लहान नमुन्यात ‘फरक सापडला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं होत नाही.

मग अबॅकसचं काय? वडोदऱ्यातल्या २०४ मुलांवर तीन वर्षं चाललेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला अबॅकस मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. बाकीच्यांनाही गणिताचे जादा तास दिले होते. अबॅकसवाल्यांची आकडेमोड जास्त सुधारली. स्मरणशक्तीसारख्या मूळ क्षमता मात्र वाढलेल्या दिसल्या नाहीत.

म्हणून मित्रांनो, असा पेपर हातात आला की आधी तीन गोष्टी बघा: तुलनेच्या गटाला काय दिलं? मुलं किती? आणि सिग्नलसोबत उत्तरंही सुधारली का? कारण नुसता सिग्नल कमी होणं म्हणजे सराव असेल, किंवा मुलाने कंटाळून नादच सोडला असेल. चित्रात दोन्ही सारखंच दिसू शकतं.

पाहुण्यांना मी आता एवढंच सांगते: आकडेमोड सुधारेल, पण ‘मेंदू वाढेल’ म्हणून फी भरू नका.