पडद्यामागची कामे

आमच्या कॉलेजात अलीकडे एक नवे कर्मकांड रूढ झाले आहे. तास संपला की विद्यार्थी खिशातून फोन काढतो, उघडलेल्या ॲपांची रांग पडद्यावर आणतो आणि अंगठ्याने एकेक ॲप वर भिरकावून देतो. रांग रिकामी झाली की अंगण झाडून झाल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर उमटते. विचारले तर सांगतो, "बॅटरी वाचते, फोन हलका होतो." प्राध्यापकमंडळीही याला अपवाद नाहीत. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. तथापि या कर्मकांडामागचे कारण शोधू लागलो तेव्हा असे आढळले, की ज्या हेतूने ते केले जाते तो हेतू त्यातून सहसा साधत नाही. उलट क्वचित नुकसानच होते.

मुळापासून सुरुवात करू. फोन काय किंवा संगणक काय, त्याच्या प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी साधारणपणे एकच काम करतो. गाणे चालू आहे, निबंध टंकित होतो आहे, फाइल उतरते आहे, असे आपल्याला एकाच वेळी दिसते, ते केवळ पाळ्यांच्या वेगामुळे. काही सहस्रांश सेकंद या कामाला, काही त्या कामाला, आणि पुन्हा पहिल्याकडे. ही युक्ती जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. यंत्र एकच, पण प्रत्येकाला वाटे की ते आपल्याच सेवेत आहे! आजच्या फोनात आठ-आठ गाभे असतात, परंतु कामे त्याहून कितीतरी अधिक असल्यामुळे पाळी लावणे काही सुटलेले नाही. ही पाळी लावते ती कार्यप्रणाली.

आता येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. प्रोसेसरचा वेळ ही एक आणि मेमरीतील जागा ही दुसरी. सारा घोटाळा या दोहोंची गल्लत केल्याने होतो. आपल्या स्नेहसंमेलनातील नाटकाचे उदाहरण घ्या. रंगमंचावर दोन पात्रे बोलत असतात आणि चार पात्रे रंग लावून विंगेत उभी असतात. विंगेतल्यांनी जागा अडविली आहे खरी, पण ती संवाद म्हणत नाहीत. आपण सोडून आलेले ॲप बहुधा असेच विंगेत उभे असते. त्याला मेमरीत जागा आहे, पण पाळी मिळत नाही. त्याला भिरकावून देणे म्हणजे नटाला रंग पुसून घरी धाडणे, आणि पुढच्या प्रवेशासाठी रिक्षा पाठवून परत आणणे. दिवसातून वीस वेळा उघडायचे ॲप वीस वेळा शून्यातून उभे करावयाचे, तर त्यात वेळही जातो आणि बॅटरीही.

"पण मेमरी भरली की फोन अडखळतो त्याचे काय?" असा प्रश्न कोणी विचारील. मेमरी भरलेली असणे हा दोष नव्हे. तिची चिप भरलेली असो वा रिकामी, वीज जवळपास तितकीच घेते. आणि जागा खरोखरच अपुरी पडू लागली, की बराच वेळ न वापरलेली ॲपे अँड्रॉइड आपण होऊनच बाहेर काढते. ती काळजी अंगठ्याने वाहण्याचे कारण नाही. २०१६ साली एका ग्राहकाने ॲपल कंपनीच्या प्रमुखांना हाच प्रश्न विचारला होता, आणि असे ॲप बंद केल्याने बॅटरी वाचत नाही असेच उत्तर कंपनीतील सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी दिले. एखादे ॲप गोठले किंवा बिघडले असेल तर ते अवश्य बंद करावे; बंद करण्याची सोय त्यासाठीच आहे.

मग बॅटरी खाते कोण? अर्थात पडदा, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर म्हणजे झोपलेल्या फोनला वारंवार जागे करणारी कामे: दर काही मिनिटांनी सर्व्हरकडे चौकशी करणे, आपले ठिकाण शोधत राहणे, फोटो वर चढविणे. प्रत्येक ॲप आपापल्या पत्राची चौकशी करण्यासाठी स्वतंत्रपणे पोस्टात जाऊ लागले तर फोनला झोप ती कशी लागणार? म्हणून सर्वांचे टपाल एकाच पोस्टमनने आणावे अशी व्यवस्था पुढे आली, आणि २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत तिच्या जोडीला आणखी एक सोय झाली. फोन टेबलावर निश्चल पडून असेल, पडदा मालवलेला असेल, चार्जर लावलेला नसेल, तर किरकोळ कामे थोपवून धरावयाची आणि अधूनमधून एकदमच उरकावयाची. या व्यवस्थांनी जे साधते ते अंगठ्याने साधणारे नाही.

परंतु कोणते काम किरकोळ, हे ठरवावयाचे कोणी? युनिक्स प्रणालीत 'नाइस' नावाची एक आज्ञा आहे. ज्या कामाचे सौजन्य अधिक, ते दुसऱ्याला आपली पाळी देऊन मागे थांबते. (भाषेच्या विद्यार्थ्याला हे नाव फार आवडले!) पण हा विषय गंभीर कसा होतो, हे २० जुलै १९६९ रोजी दिसले. अपोलो ११चे यान चंद्रावर उतरत असता त्यातील संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. कामे इतकी साचली, की नव्या कामास जागा नाही, असा त्याचा अर्थ. मूळ यानाशी पुन्हा गाठ पडावी म्हणून ठेवलेल्या रडारचे निरर्थक संकेत त्याचा वेळ खात होते. त्या प्रणालीत प्रत्येक कामाचे महत्त्व माणसांनी आधीच नेमून दिले होते. तिने स्वतःला झटकन् पुन्हा सुरू केले, दुय्यम कामे टाकून दिली आणि यान चालविण्याचे काम अखंड ठेवले. इशारे वारंवार आले, पण आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन सुखरूप उतरले.

आपल्या फोनात हे महत्त्व कोणी नेमून देत नाही. २०१८ सालच्या अँड्रॉइडपासून ॲपांची प्रतवारी होते ती मुख्यतः आपण ते किती वापरतो यावरून. माझ्या आत्याला मधुमेह आहे. संध्याकाळच्या इन्सुलिनची आठवण करून देणारे एक ॲप तिच्या फोनात घालून दिले होते. असे ॲप कोणी रोज उघडून पाहत नाही; ते वाजले की पुरते. त्यात त्या फोनच्या उत्पादकाने बॅटरी वाचविण्याची स्वतःची एक अधिक कडक व्यवस्था घातलेली. तिने हे ॲप निकामी ठरवून सक्तीने बंद केले आणि सलग दोन संध्याकाळी घंटा वाजलीच नाही. रात्री उशिरा तिच्याच लक्षात आले म्हणून निभावले. सक्तीने बंद झालेले ॲप पुन्हा उघडेपर्यंत त्याचे गजरही रद्द होतात, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन 'निर्बंध नको' असे निवडले, आणि घंटा पूर्ववत वाजू लागली. आपल्या घरी वडीलधाऱ्यांच्या फोनात औषधाची आठवण करून देणारे ॲप असेल, तर हे पान आजच उघडून पाहावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. बॅटरी दोन टक्के अधिक गेली तर जाऊ द्यावी.

राहता राहिला कॉलेजच्या संगणककक्षातील यंत्रांचा प्रश्न. तेथे मात्र मेमरीची तक्रार खरी आहे. चार गिगाबाइटांच्या यंत्रावर ब्राउझरची तीस पाने उघडली, की मेमरीत न मावणारा मजकूर संगणक तबकडीवर ठेवू लागतो आणि लागेल तसा परत आणतो. तबकडी मेमरीपेक्षा हजारो पटींनी मंद. पुढे पुढे सारा वेळ या ने-आणीतच जातो आणि माउसचा बाणसुद्धा हलेनासा होतो. अशा वेळी नको असलेली पाने मिटणे हाच उपाय. त्याखेरीज कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की विंडोजमध्ये कामांची यादी उघडते. कोण किती मेमरी आणि किती प्रोसेसर खातो ते तीत आकड्यांनिशी दिसते. तिथेच यंत्र सुरू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांचीही यादी आहे. गेल्या सत्रात कक्षातील सेवकांच्या परवानगीने मी एका यंत्रावर ती पाहिली. कोणीही वापरत नसलेल्या प्रिंटरचे मदतनीस, दोन गप्पांची ॲपे आणि कुणा माजी विद्यार्थ्याने बसविलेला खेळ, असे सारे रोज सकाळी तेथे हजेरी लावीत होते. त्यांना तेवढे उठण्यापासून परावृत्त केले. यंत्र तेच, पण आता हजेरीची घंटा होईपर्यंत ते सुरू झालेले असते.