जादा अँटेना कशासाठी?
जादा अँटेना म्हणजे जादा वेग, ही जाहिरातीची भाषा. मोठा लाभ भरवशाचा आहे. भिंतींवर आपटून आलेल्या लहरींनी एकमेकींना खोडलं की संदेश हरवतो, पुन्हा पाठवावा लागतो, आणि उशीर तिथेच होतो. एका अँटेनाच्या वाटेने शंभरात 1 संदेश बुडत असेल, तर दोन स्वतंत्र वाटांनी दोन्हीकडे बुडण्याची शक्यता दहा हजारांत 1. अभियंते सियावश अलामौटी यांनी 1998 मध्ये दोन अँटेनांची सोपी युक्ती मांडली ती यासाठीच.

पुन्हा पाठवला तर बिघडलं काय? व्हिडिओचं फारसं नाही. पण 5जीच्या अतिविश्वसनीय सेवेचं लक्ष्य 1 मिलिसेकंदात 99.999 टक्के यश. तिथे दुसऱ्या फेरीला सवड कुठली? वाटा खरोखर स्वतंत्र असतात का, हा आक्षेप मात्र रास्त. त्या तशा असायला 3.5 गिगाहर्ट्झला अँटेनांत निदान चार सेंटिमीटर अंतर हवं, तेही लहरी चहूबाजूंनी येत असतील तर.